पुलावरून जा

फाट्यावरचा बोर्ड बाई लिहायची आणि त्या बोर्डाखालून रोज जाणारा तिचा नवरा बोर्ड सांगेल त्याच्या बरोबर उलट वागायचा. विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात, पण विळा आणि भोपळा निदान एका स्वयंपाकघरात तरी राहतात. ही दोघं कित्येक वर्षं वेगळी राहत होती. कायद्याने अजून नवरा-बायकोच होती, कारण घटस्फोटाच्या कागदावर सह्या करायच्या तर एका टेबलाशी बसावं लागलं असतं.

बाई शहराच्या वाहतूक नियंत्रण कक्षात होती. फाट्यापासून पलीकडच्या भागात जायला दोन वाटा. उजवीकडे पूल, रेल्वेच्या यार्डावरून चढून सरळ पलीकडे उतरणारा. डावीकडे गोदाम रस्ता, यार्डाला वळसा घालून शेवटी तिथेच पोचणारा. फाट्याच्या अलीकडे दोन लोखंडी खांबांवर आडवा बोर्ड, काळ्या पाटीवर पिवळे दिवे, आणि त्यात मावतील एवढ्या दोन ओळी. त्या दोन ओळी बाईच्या. दोन ओळींत शहर हलवायचं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. लोकांना नुसतं ‘डावीकडे वळा’ म्हटलं तर कुणी वळत नाही. आम्हाला सांगणारी ही कोण, असं प्रत्येकाच्या मनात येतं. त्याऐवजी ‘पुलावर गर्दी, पंधरा मिनिटं’ म्हटलं की चारातला एक मुकाट्याने वळतो. कोंडी फुटायला तेवढा एक पुरतो. पुलाला खरी बारा मिनिटं लागत असली तरी बाई पंधरा लिहायची, फारच तुंबलं असेल तर वीस. याला कक्षात ‘मीठ घालणं’ म्हणत. साहेबांनाही ते माहीत होतं, फक्त तोंडाने कुणी बोलत नसे.

संसार चालू होता तेव्हा बाईने हे गुपित एकदा जेवताना नवऱ्याला सांगितलं. नवरा टॅक्सीवाला. दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टँडला कळलं, आणि त्यातल्या एका चेकाळलेल्याने थेट साहेबांना फोन लावून विचारलं, आज मीठ किती घातलंय. बाईला सगळ्यांच्या देखत बोलणी खावी लागली. संसार मोडायला दुसरी बरीच कारणं होती, पण कुणी विचारलं की बाई हेच सांगायची.

वेगळं झाल्यावर टॅक्सीवाल्याने हट्टच धरला. बोर्ड म्हणाला डावीकडे, की हा उजवीकडे. यात नुसता खोडसाळपणा नव्हता, थोडा हिशेबही होता. बोर्ड वाचून चारचौघं डावीकडे वळतात, पूल तेवढा मोकळा होतो आणि हा वरून सुसाट निघून जातो. स्टँडवर तो छाती फुगवून सांगायचा, “आमच्या हिने पूर्व म्हटलं की आपण पश्चिम. आजवर फसलो नाही.” अधूनमधून फसायचा, पण ते सांगत नसे. स्टँडवाले त्याला तिरपागडे म्हणत आणि त्याला ते नाव पदवीसारखं वाटे. बाईबद्दल बोलणं निघालं की म्हणायचा, “तिचं काय, उंटावर बसून शेळ्या हाकते.”

बाई हे सगळं पडद्यावर बघत असे. त्याची गाडी शंभरात ओळखू यायची: टपावर पोपटी रंगाचं सामानाचं जाळं, मागच्या डाव्या दिव्याच्या फुटक्या काचेला लाल चिकटपट्टी. ती चिकटपट्टी बोर्डाखालून येऊन भलत्याच बाजूला वळली की बाईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. इतक्या वर्षांत तो एकदाही तिच्या शब्दाप्रमाणे वळलेला तिने पाहिला नव्हता. आणि गंमत अशी की बोर्डावरच्या त्या दोन ओळी एवढंच काय ते बाईचं बोलणं त्याच्यापर्यंत थेट पोचत होतं. बाकी सगळं मुलीमार्फत.

मुलगी एकोणीस वर्षांची, आईकडे राहायची. आई-बाप एका खोलीत आले तरी एकमेकांशी बोलत नसत. “तुझ्या आईला सांग”, “तुझ्या बाबांना विचार”, असं तिच्या तोंडाकडे बघून चालायचं. लहान होती तेव्हा ती खरोखरच निरोप इकडून तिकडे पोचवायची. मग तिच्या लक्षात आलं की दोघांनाही ऐकू येतं. तेव्हापासून ती नुसती मध्ये उभी राहायची. तेवढं त्यांना पुरायचं.

कॉलेजच्या प्रवेश परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती अशीच दारात उभी होती. टॅक्सीवाला उंबऱ्याबाहेर, बाई ओट्याशी, हातात लाटणं.

“तुझ्या आईला सांग, उद्या सकाळी साडेसातला मी गाडी घेऊन खाली उभा असेन.”

“तुझ्या बाबांना सांग, बस केंद्राच्या दारात थांबते. कुणी उपकार करायची गरज नाही.”

“तिला विचार, बसमध्ये चेंगरून गेल्यावर पोरगी पेपर काय लिहिणार?”

“त्याला विचार, शाळेच्या शेवटच्या परीक्षेला अर्धा तास उशिरा कुणी पोचवलं होतं? जवळची वाट माहीत आहे म्हणून?”

“त्या दिवशी तिचा बोर्ड...”

“बस झालं,” मुलगी म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, तरी दोघं थांबली. “मी बाबांबरोबर जाणार. बाबा, साडेसात म्हणजे साडेसात. नऊला फाटक बंद होतं आणि मग कुणालाही आत घेत नाहीत. आई, तू आता यावर काही बोलू नकोस.”

ती बापाला पोचवायला जिना उतरून गेली आणि बराच वेळ वर आली नाही. आली तेव्हा जरा खुशीत दिसली.

“एवढं काय बोलत होतात?” बाईने विचारलं.

“काही नाही. एक गोष्ट कबूल करून घेतली त्यांच्याकडून.”

“कोणती?”

“तुला सांगितली तर तू त्यातही काहीतरी खुसपट काढशील. राहू दे.”

बाईने लाटलेली पोळी तव्यावर टाकली आणि करपू दिली. मग म्हणाली, “त्याच्या गाडीत बसायचं म्हणजे परीक्षा पुढच्या वर्षी द्यायची तयारी ठेवायची.”

“पुढच्या वर्षी नाही,” मुलगी म्हणाली. “आई, तुला काय वाटतं, मला ते कॉलेज कशाला हवंय?”

“बंदरं बांधायला शिकायचंय म्हणालीस.”

“तेही आहे. पण मला ते लांब आहे म्हणून हवंय. एक अख्खी रात्र प्रवास केल्यावर येतं. राहायची सोय तिथेच. तिथे मला कुणी म्हणणार नाही की तुझ्या आईला सांग. इथे मी सकाळी उठते ती तुमच्या दोघांच्या मध्ये, आणि झोपते तीही तिथेच. पास झाले तर तिकडे जाईन. नाही झाले तर मैत्रिणीच्या खोलीत, त्या लाँड्रीच्या वर. तिच्याकडे एक खाट रिकामी आहे. पण इथे नाही राहणार.”

बाईला राग आला. आधी मुलीचा, मग स्वतःचा, आणि शेवटी सवयीने नवऱ्याचा. तिथे मात्र तो मुक्कामाला राहिला.

सकाळी मुलगी मोबाइल ओट्याच्या फळीवर ठेवून निघाली, केंद्रात मोबाइल चालत नव्हता म्हणून. बाई त्याच्या आधीच कामावर पोचली होती.

कक्षात एक भिंतभर पडदे, समोर तीन टेबलं. एका टेबलाशी बाई, शेजारच्या टेबलाशी कॅमेरे फिरवणारा माणूस. त्याला सगळे दुर्बीण म्हणत. बाईचं आणि त्याचंही पटत नव्हतं; बाईचं कुणाशी पटतं याचा शोध अजून लागायचा होता. दुर्बिणीने एकदा वायरलेसवरून नाक्यावरच्या शिपायाला, जो त्याचा मेव्हणा होता, सिनेमाची वेळ विचारली होती. बाईने लगेच लेखी तक्रार केली, की सरकारी वायरलेस खाजगी कामाला वापरला जातो. दुर्बिणीची पगारवाढ लांबली. तेव्हापासून तो बाईशी कामापुरतं बोलायचा आणि तिने चहा घेतला की आपला कप मुद्दाम दूर सरकवायचा.

त्या सकाळी पुलाच्या पलीकडच्या उतारावर रंगाच्या डब्यांनी भरलेला ट्रक आडवा झाला. माणसांना काही झालं नाही, पण डबे फुटले आणि उतारभर निळा रंग पसरला. पुलाला मधे उंचवटा असल्यामुळे फाट्यावरून यातलं काहीच दिसत नव्हतं. पोलीस निघाले होते, पोचले नव्हते.

“पूल गेला,” दुर्बीण म्हणाला. “पूर्ण बंद. निदान दोन तास.”

बाईने टाइप केलं: ‘पुलावर अपघात, रस्ता बंद. गोदाम रस्त्याने जा.’ आज मीठ घालायची गरज नव्हती. नुसतं खरं पुरेसं होतं, आणि गाड्या खरोखरच आज्ञाधारक शाळकरी पोरांसारख्या डावीकडे वळू लागल्या. साहेब आतल्या खोलीत वरच्यांच्या फोनला “हो, हो, बघतोय” म्हणत होते.

आणि मग बाईला पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पोपटी जाळं दिसलं.

गाडी बोर्डापासून बरीच मागे होती, रांगेत. मागच्या काचेतून मुलीचा अंबाडा दिसत होता, पाठ ताठ. टॅक्सीवाला वेळेवर निघाला होता, हे बाईने मनातल्या मनात नाइलाजाने कबूल केलं. गोदाम रस्ता धरला असता तर दोघं आरामात पोचली असती. पण तो गोदाम रस्ता धरणार नव्हता. बोर्डावर लख्ख लिहिलं होतं, म्हणूनच धरणार नव्हता. तो म्हणणार, हिने काहीतरी मीठ घातलंय, आणि मोकळ्या दिसणाऱ्या पुलावर गाडी घालणार. पुलावर मधे दुभाजक, माघारी फिरायला जागा नाही.

तिने त्याला फोन लावला. त्याने तिचा नंबर केव्हाच बंद करून टाकला होता. एक टूं वाजून फोन मुका झाला. मुलीचा मोबाइल घरी फळीवर होता. गाडी चार गाड्या पुढे सरकली.

बाई उभी राहिली आणि परत बसली. भीती वाटत होती आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकत्र आलं की बाईची बोटं फार भराभर चालायची. हा मेला सरळ सांगून कधी ऐकत नाही ना? मग त्याला उलटंच सांगायचं. शेराला सव्वाशेर.

तिने पहिल्या दोन ओळी पुसल्या आणि लिहिलं: ‘गोदाम रस्ता बंद. पुलावरून जा.’

“बाई,” दुर्बीण म्हणाला, “उलटं लिहिलंत.”

“माहीत आहे.”

“पूल बंद आहे.”

“माहीत आहे म्हणाले ना. दोन मिनिटांत बदलते. तुम्ही तुमचे कॅमेरे बघा.”

मधे ज्या पाच-पन्नास गाड्या पुलाकडे वळतील त्यांचा विचार बाईने केला नाही असं नाही. केला, आणि बाजूला ठेवला. त्यातही कुणाची परीक्षा असेल, कुणाला दवाखान्यात पोचायचं असेल, हे तिला कळत होतं. तरी तिने हात मागे घेतला नाही.

टॅक्सी बोर्डाखाली आली आणि हळू झाली. मागच्याने हॉर्न दिला असावा, कारण गाडी किंचित दचकल्यासारखी पुढे झाली आणि पुन्हा रेंगाळली.

“जा डावीकडे,” बाई पुटपुटली. “जा ना मेल्या.”

मग टॅक्सीचा उजवा दिवा लुकलुकायला लागला. हा माणूस वळताना दिवा कधी देत नसे. आज दिला, दोनदा मागे बघितलं, आणि नाकासमोर चालणाऱ्या माणसासारखा, बोर्डाने सांगितलं होतं तसा, पुलावर चढला. त्याच्या मागोमाग रांगच्या रांग चढली.

बाईला क्षणभर वाटलं, आपण दुसऱ्याच गाडीकडे बघतोय. पण लाल चिकटपट्टी दिसत होती.

तिने बोर्ड परत फिरवला. त्याचा आता काही उपयोग नव्हता. टॅक्सी चढाच्या मध्यावर पुढून-मागून अडकली होती. बाईने तो कॅमेरा आपल्या पडद्यावर ओढला. टॅक्सीवाला खाली उतरला. त्याने पुढे बघितलं, मग मागे वळून बोर्डाकडे बघितलं. तिथून बोर्डाची फक्त पाठ दिसते, गंजलेला पत्रा आणि वायरी. तो त्या पत्र्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला.

मागचं दार उघडून मुलगी उतरली. बापाला काहीतरी बोलली, एखादंच वाक्य असावं, आणि पिशवी खांद्याला लावून गाड्यांच्या मधून पळत सुटली.

पुढच्या कॅमेऱ्यात ती उंचवट्यावर दिसली. समोर आडवा ट्रक, निळा उतार, हात हलवून लोकांना मागे हटवणारे दोघं-तिघं. ती कडेकडेने कठड्याला धरून उतरू लागली. एकदा घसरली, हात रंगात टेकला, उठली, पुढे गेली. पुलाच्या पायथ्यापासून केंद्र चांगलंच लांब होतं, गाडीने काहीच नाही, पायी मात्र फार.

“पुलाच्या खाली गस्तीची मोटरसायकल आहे,” बाई दुर्बिणीला म्हणाली. “वायरलेसवर सांगा त्याला. एक मुलगी येतेय, निळे पाय. तिला परीक्षा केंद्रावर सोड म्हणावं.”

दुर्बिणीने सावकाश मान वळवली. “कोण आहे ती मुलगी?”

“माझी.”

“मग ते खाजगी काम झालं, बाई,” तो म्हणाला. “सरकारी वायरलेस खाजगी कामाला वापरता येत नाही. तुम्हीच लिहून दिलं होतंत.”

बाईने त्याच्या हातातून माइक ओढायचा प्रयत्न केला. त्याने तो धरून ठेवला. दोघं मोठी माणसं एका वायरीला दोन बाजूंनी लोंबकळत होती, तेवढ्यात मुलगी शेवटच्या पडद्याच्या कडेवरून बाहेर गेली. त्यापुढे कॅमेरा नव्हता.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले.

“बोर्ड कुणी फिरवला?”

“मी,” बाई म्हणाली. “चुकून झालं.”

“चुकून नाही, साहेब,” दुर्बीण म्हणाला. “मी दोनदा सांगितलं. बाई म्हणाल्या, माहीत आहे.”

साहेबांनी बाईकडे बघितलं, पुलावरच्या रांगेकडे बघितलं, आणि आतल्या खोलीत पुन्हा वाजायला लागलेल्या फोनकडे बघितलं. “तुम्ही घरी जा,” ते म्हणाले. “बोलावू तेव्हा या. बोलावलंच तर.”

बाई घरी गेली नाही. आधी केंद्रावर गेली. फाटक बंद, बाहेर चिटपाखरू नाही, आणि फाटकाच्या गजांवर, छातीच्या उंचीला, निळ्या बोटांचे ठसे. आतल्या पहारेकऱ्याने बाईला काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं, “आली होती एक. थोडक्यात हुकलं तिचं. पण आतून कुलूप लागलं की मलाही उघडता येत नाही.” बाईने त्याला चार शब्द सुनावले. त्याचा काही दोष नव्हता, पण तो समोर होता.

मग मुलीला शोधत वणवण करून ती दुपार कलल्यावर घरी आली. दारात मुलीचे बूट होते, तळवे निळे. शेजारी टॅक्सीवाल्याच्या चपला. त्या चपला या दारात काढलेल्या कितीतरी वर्षांनी दिसत होत्या, आणि बाईला पहिली गोष्ट सुचली ती ही की त्या वाकड्या काढल्यात.

आत मुलगी खुर्चीवर बसली होती, हात घासून घासून लाल झालेले, तरी नखांच्या कडांना निळं राहिलेलं. टेबलाच्या एका बाजूला टॅक्सीवाला. बाई दुसऱ्या बाजूला बसली.

“तुझ्या आईला सांग,” टॅक्सीवाला म्हणाला. “सांग तिला, जन्मात एकदा तिचं ऐकलं. एकदाच. त्याचं हे फळ.”

“त्याला विचार,” बाई म्हणाली, “आजच का ऐकलं?”

“मी सांगितलं म्हणून,” मुलगी म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. “काल जिन्यात कबूल करून घेतलं ते हेच. म्हटलं, बाबा, उद्याचा एक दिवस बोर्ड सांगेल तसं जायचं. आईला माहीत आहे उद्या माझी परीक्षा आहे, उद्या ती मीठ घालणार नाही. त्यांना पटेना, म्हणून माझी शपथ घातली.”

हा एकच निरोप मुलीने आईला पोचवला नव्हता.

“आता तू सांग, आई. बोर्ड चुकला होता?”

‘हो’ म्हणणं सोपं होतं. साहेबांना बाईने तेच सांगितलं होतं आणि डोळ्यांची पापणीही लवली नव्हती. पण त्या निळ्या नखांसमोर तिला ते जमेना.

“नाही,” ती म्हणाली. “पूल बंद आहे हे मला माहीत होतं. तुझ्या बाबांना सांग...”

“मी विचारतेय, आई. मला सांग.”

“तो उलटा जाईल म्हणून मी उलटं लिहिलं. पुलावरून जा म्हटलं की तो गोदामाकडून जाईल, म्हणून. तू वेळेत पोचावीस म्हणून.”

टॅक्सीवाला आधी हसला, ते हसणं काही चांगलं नव्हतं. मग त्याच्या कपाळाची शीर उठली. “म्हणजे दोष माझा? सांग तिला, मी ऐकलं! ऐकलं तरी मीच वाईट?”

“त्याला विचार, इतकी वर्षं एकदा तरी ऐकलं होतं का? एक दिवस तरी? माणसाने समजायचं काय?”

“सांग तिला, सरळ लिहिलं असतं तर काय हात झडले असते?”

“त्याला विचार, सरळ लिहिलेलं कळायला माणूस सरळ असावा लागतो की नाही?”

“तिला म्हणावं, अख्ख्या शहराला मिठात घालणारी बाई तू...”

“त्याला म्हणावं, घरातली गोष्ट स्टँडवर नेऊन विकलीस तू...”

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, अशी एक म्हण आहे. ज्याने ती काढली त्याला मूलबाळ नसावं. इतक्या वर्षांचं तुंबलेलं त्या टेबलावर येऊन पडलं: तुटलेली कपबशी, सासूबाईंचं औषध, गाडीचा विमा, कुणाच्या तरी लग्नात कोण कुणाला काय बोललं. दोघांना एक प्रकारचा जोर चढला होता. बाईला तर भांडताना आतून बरंच वाटत होतं, सकाळपासून पहिल्यांदा. भांडत होती तोवर पुलाचा तो उतार डोळ्यांसमोर येत नव्हता. आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजलं ते तिने ऐकलं, पण तेव्हा तिच्या तोंडात विम्याचा मुद्दा होता. बाहेरचं दार लागलं तेव्हा तो बोलत होता.

“सांग तिला,” टॅक्सीवाला टेबलावर हात आपटून म्हणाला, “सांग तिला की...” आणि सवयीप्रमाणे खुर्चीकडे वळला.

खुर्चीवर कोणी नव्हतं.

बाई उठून आत गेली. कपाटातला मुलीचा कप्पा अर्धा रिकामा होता, मोठी पिशवी जागेवर नव्हती, आणि ओट्याच्या फळीवरचा मोबाइलही नव्हता. दारात आता फक्त त्या वाकड्या चपला आणि बाईच्या स्वतःच्या. बाई परत येऊन बसली. तिने मुलीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. टॅक्सीवाल्याने लावला, त्याचाही तसाच.

लाँड्रीच्या वरची खोली कुठे आहे ते बाईला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली, आणि घसा खाकरला.

“कुठे गेली असेल, विचार...” तो म्हणाला आणि थांबला.

बाईने तोंड उघडलं. “त्याला सांग...” एवढं आलं, पुढचं येईना.

गाडी खाली उभी होती, पत्ता बाईच्या जिभेवर होता, आणि दोघं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसून राहिली.